बर्फातली तोकिवा

जुन्या जपानी छापचित्रात रुंद काठाची गवती टोपी पुढं ओढून एक बाई वाऱ्यात वाकून चालली आहे. तान्हं पोर किमोनोच्या आत, छातीशी. मोठे दोघं तिला बिलगलेले. मोठे म्हणायचं इतकंच. थोरला जेमतेम सात-आठ वर्षांचा.

ही तोकिवा. साल ११६०, जपानमधल्या क्योतोजवळचा हिवाळा. हेइजी नावाच्या कालखंडातल्या बंडात मिनामोतो योशितोमो हरला आणि पळताना दगाफटक्यानं मारला गेला. ही मुलं त्याची. विजयी ताइरा घराण्याचा प्रमुख कियोमोरी आता त्यांच्या मागावर आहे.

सहा-सातशे वर्षांनी एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, चित्रकारांनी तिची ही वाट पुन्हा पुन्हा चितारली. योद्ध्यांच्या चित्रांसाठी नावाजलेल्या उतागावा कुनियोशीनंही. १८४२ मध्ये सरकारनं नट आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी घातली, तेव्हा सोशिक, पतिव्रता बायकांच्या कथा प्रकाशकांच्या चांगल्याच पथ्यावर पडल्या. धंदा शेवटी धंदा.

आता बर्फ जवळून बघा. अशा छापचित्रांत तो बहुतेक वेळा छापत नाहीत, राखतात. चेरीच्या लाकडाची फळी, प्रत्येक रंगाला वेगळी. आभाळाच्या फळीवर जिथं हिमकण हवा, तिथलं तेवढंच लाकूड कोरक्या काढून टाकतो. शाई फिरली तरी तो खळगा कोरडाच राहतो. मग ओलसर कागद फळीच्या कडेला त्यासाठीच कोरलेल्या खाचांना नेमका टेकवायचा आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चपट्या गोल गादीनं पाठीवरून घासायचा. कागद केसभर सरकला, तरी रंग रेषेबाहेर जातो. म्हणजे तोकिवाच्या अंगावर झोंबणारी ही थंडी सगळी कोऱ्या कागदाची! चित्रावर सही मात्र चित्रकाराची. कोरक्याचं नाव सहसा नसतंच, आणि मला ते खटकतं.

पुढची गोष्ट एदोतल्या गिऱ्हाइकाला पाठ होती. कियोमोरीनं तोकिवाच्या आईला पकडलं, तशी ही मुलांना घेऊन आपणहून परत आली. मुलांचे जीव वाचले. त्यांची रवानगी मठांत झाली. किमोनोत दडलेलं ते तान्हं म्हणजे उशिवाका, पुढचा सेनानी योशित्सुने. ११८५ मध्ये दान-नो-उराच्या समुद्री लढाईत त्यानंच ताइरांचा निकाल लावला. ते पाहायला कियोमोरी उरला नव्हता. तो चार वर्षं आधीच तापानं गेला होता.