सारायेव्हो १९८४: डोंगरावरची मैदानं

बोस्नियाची राजधानी सारायेव्हो, तिच्या शेजारच्या ट्रेबेविच डोंगराच्या उतारावर, झाडीतून वळणं घेत हा काँक्रीटचा पाट खाली उतरतो. भिंतींवर एक बोटभर जागा रिकामी नाही, सगळीकडे रंगांचे फवारे. सांध्यांतून शेवाळ वर आलंय. फेब्रुवारी १९८४ मध्ये, हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी, याच पाटातल्या बर्फावरून बॉबस्ले आणि लूजच्या घसरगाड्या सुसाट सुटत होत्या.

खालच्या टोकाकडच्या या वळणावर जरा थांबूया. भिंतीला बाहेरच्या अंगानं भोकं पाडलेली दिसतात. आपल्या गडकिल्ल्यांच्या तटाला जंग्या असतात ना, तशीच. आडोशाला राहून बंदूक चालवण्यासाठी ती पाडलेली आहेत.

या पाटाचे फोटो इंटरनेटवर फार फिरतात, आणि बहुतेक वेळा 'वाया गेलेली ऑलिम्पिक मैदानं' अशा मथळ्याखाली. सारायेव्होवर हा अन्याय आहे. खेळ संपले आणि गावानं मैदानांकडे पाठ फिरवली, असं इथे झालं नाही. या पाटावर १९८४ नंतरही आंतरराष्ट्रीय शर्यती होत राहिल्या. त्या थांबल्या युद्धामुळे.

सारायेव्होला यजमानपद मिळालं १९७८ मध्ये. जपानचं साप्पोरो आणि स्वीडनचं गोथेनबर्ग ही मातब्बर शहरं मागे पडली. बोस्निया तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग होता, आणि हिवाळी ऑलिम्पिक भरवणारा युगोस्लाव्हिया हा पहिला समाजवादी देश. शहराचं बलस्थान होतं त्याची ठेवण. खोऱ्यात वसलेलं गाव आणि भोवती ट्रेबेविच, याहोरिना, इग्मान, ब्येलाश्नित्सा हे डोंगर. शहरातून निघावं आणि थोड्याच वेळात स्कीच्या उतारावर पोचावं, इतके जवळ.

ब्येलाश्नित्सावर पुरुषांच्या डाउनहिल, म्हणजे थेट उतारावरून सुसाट खाली येण्याच्या स्की शर्यतीसाठी उंची काही मीटरनं कमी पडत होती. नियमाप्रमाणे सुरुवात आणि शेवट यांत ८०० मीटरचा फरक हवा. मग शिखरावर इमारत बांधली, आणि स्पर्धक त्या इमारतीतूनच खाली झेपावले. ती शर्यतसुद्धा हिमवादळामुळे पुढे जात जात १६ फेब्रुवारीला झाली. बर्फ इतका पडला, की रस्ते आणि उतार मोकळे करायला नागरिक आणि सैनिक फावडी घेऊन उतरले.

याच डोंगरावर १४ फेब्रुवारीला युरे फ्रांकोनं जायंट स्लालममध्ये, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून वळणं घेत उतरण्याच्या स्की शर्यतीत, रौप्यपदक जिंकलं. हिवाळी ऑलिम्पिकमधलं युगोस्लाव्हियाचं हे पहिलंच पदक. बुरेक हा मांसाचं सारण भरलेला खुसखुशीत पदार्थ म्हणजे सारायेव्होकरांचा जीव की प्राण. आणि त्या दिवशी गाव घोषणा देत होतं, 'आम्हाला बुरेकपेक्षा युरे प्यारा!' त्याच संध्याकाळी, झेत्रा या बर्फावरच्या खेळांच्या सभागृहात, ब्रिटनच्या टॉरव्हिल आणि डीन या जोडीच्या बर्फनृत्याला कलात्मकतेसाठी सगळ्याच्या सगळ्या नऊ पंचांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

पुढे युगोस्लाव्हिया फुटला, बोस्निया वेगळा देश झाला, युद्ध पेटलं आणि एप्रिल १९९२ मध्ये शहराला वेढा पडला. तो जवळपास चार वर्षं टिकला आणि त्यात दहा हजारांहून अधिक माणसं गेली. ज्या ठेवणीनं ऑलिम्पिक आणलं, तिनंच शहराचा घात केला. ट्रेबेविचवरून अख्खं सारायेव्हो तळहातावर दिसतं. बोस्नियन सर्ब सैन्यानं तिथे तोफा चढवल्या आणि बॉबस्लेचा पाट लढाईच्या मोर्चेबंदीची जागा झाला. इग्मानवरच्या स्की-जंपच्या परिसरातही लढाई झाली. तिथल्या विजेत्यांच्या चौथऱ्यावर गोळ्यांच्या खुणा आहेत.

झेत्राचं जे झालं, ते सांगताना आवाज जड होतो. मे १९९२ मध्ये तोफगोळ्यांनी आणि आगीनं सभागृह उद्ध्वस्त झालं. तळघरात शवागार करावं लागलं. प्रेक्षकांच्या खुर्च्यांचं लाकूड शवपेट्यांना लागलं. दफनासाठी जागा पुरेना, तेव्हा शेजारच्या मैदानात कबरी खणल्या गेल्या. आज त्या पांढऱ्या शिळांच्या रांगा कोशेवो स्टेडियमच्या अगदी बाजूला आहेत. उद्घाटनाची मशाल पेटली होती ते हेच कोशेवो.

१९९४ च्या फेब्रुवारीत नॉर्वेत लिलेहामरला पुढचं हिवाळी ऑलिम्पिक भरलं, तेव्हाही वेढा चालूच होता. तरी बोस्नियाचा बॉबस्ले संघ तिथे उतरला: एकाच गाडीत दोन बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुस्लीम), एक क्रोएट आणि एक सर्ब. १९८४ मध्ये झेत्रात सुवर्णपदक जिंकलेली पूर्व जर्मनीची फिगर स्केटर कातारिना विट तिथे युद्धविरोधी गाण्यावर स्केटिंग करून गेली, सारायेव्होसाठी.

१९९९ मध्ये झेत्रा पुन्हा उघडलं. दुरुस्तीला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं पैसे दिले होते. ट्रेबेविचला जाणारी केबल कार मात्र २०१८ पर्यंत बंद होती. युद्धात पेरलेले सुरुंग काढल्याशिवाय डोंगरावर पाऊल टाकायची सोय नव्हती, हे विसरून चालणार नाही.

युद्धानंतर बोस्निया देश दोन स्वायत्त घटकांत विभागला गेला, एक बोस्नियाक आणि क्रोएटांचा, दुसरा सर्बांचा. ब्येलाश्नित्सा एकीकडे, याहोरिना दुसरीकडे. म्हणून २०१९ ची गोष्ट मला मोठी वाटते. युरोपियन युवा ऑलिम्पिक महोत्सवाचा हिवाळी भाग सारायेव्हो आणि सर्ब घटकातलं पूर्व सारायेव्हो या दोन शहरांनी मिळून भरवला. खरं तर तो २०१७ मध्येच व्हायचा होता. तयारी पुरी झाली नाही म्हणून पुढे गेला. पण झाला. दोन्ही डोंगरांवर, रेषेच्या दोन्ही बाजूंना, युरोपभरची पोरं उतरली. त्या महोत्सवात बॉबस्ले, लूज आणि स्की-जंप नव्हते. ट्रेबेविचचा पाट आणि इग्मानचे जंप यांची दुरुस्ती अजून बाकी होती.