केसपेपरची मागची बाजू

मंडळी, तीस वर्षं मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करते आहे. सुरुवातीची बरीच वर्षं माझे प्रश्न ठरलेले असायचे. भूक लागते का, झोप येते का, पोट साफ होतं का. पुढे त्यात आणखी एक प्रश्न आला : "तुम्हाला हातानं काय करायला आवडतं?" आज त्या प्रश्नाबद्दलच बोलायचं आहे.

एक मावशी माझ्याकडे यायच्या. अंगदुखी, डोकं जड, रात्र रात्र झोप नाही. पिशवीत रिपोर्टांची ही जाडजूड फाइल. रक्त, थायरॉइड, ईसीजी, सगळं नॉर्मल. "रिपोर्ट चांगले आहेत" म्हटलं की बाईंचा चेहरा आणखी उतरायचा. दुखतंय तर खरं, आणि कागद म्हणतोय काही नाही! एकदा मी त्यांना हा प्रश्न विचारला. बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पूर्वी रांगोळी काढायचे. आता फ्लॅटमध्ये कुठं अंगण?"

मी केसपेपर उलटा केला आणि पेन पुढे केलं. "अकरा ते सहा," असं पुटपुटत त्यांनी ठिपके द्यायला सुरुवात केली. मधली ओळ अकराची, मग वर-खाली एकेक कमी. पाच मिनिटं बाहेर पेशंट खोळंबले होते, पण मी थांबले. मावशींचे कानापर्यंत चढलेले खांदे हळूहळू खाली आले. श्वास संथ झाला. ठिपके जोडताना त्या एकदाही "दुखतंय" म्हणाल्या नाहीत.

सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात स्वस्थ माणसाची व्याख्या आहे. दोष म्हणजे वात-पित्त-कफ, अग्नी म्हणजे पचनशक्ती, धातू म्हणजे रक्त-मांसासारखे शरीराचे घटक, आणि मलक्रिया, हे सगळं सम असावं, हा तिचा पहिला भाग. पण व्याख्या तिथे संपत नाही. पुढे येतं 'प्रसन्नात्मेन्द्रियमनाः'. आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न हवं. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली, तीही हेच सांगते की नुसता रोग नसणं म्हणजे आरोग्य नव्हे. पहिला भाग लॅबमध्ये तपासून मिळतो. दुसरा कोण तपासणार?

आपल्या पुण्यात एका डॉक्टर जोडप्यानं तो तपासला. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, व्यसनात सापडलेल्या माणसांसाठी. तिथे पेशंटला रुग्णमित्र म्हणतात. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण मित्राला आपण नुसतं "काय होतंय" विचारत नाही, "काय चाललंय" असंही विचारतो. अवचट स्वतः कागदाच्या घड्या घालून पक्षी करायचे, लाकूड कोरायचे, बासरी वाजवायचे. ज्याच्या हातातला ग्लास काढून घ्यायचा, त्याच्या हाताला दुसरं काहीतरी द्यावं लागतं. रिकामा हात पुन्हा तिकडेच वळतो. हे मी माझ्या व्यसनी पेशंटांमध्ये कितीदा तरी पाहिलं आहे.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. छंद लागला म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. इन्सुलिनच्या जागी बासरी चालत नाही. कुणी तसं सांगत असेल तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. आणि उदासी आठवडे न् आठवडे उतरत नसेल, तर ती आळशीपणाची खूण नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जवळचं कुणी असेल तर सोबत न्या.

आणि छंद म्हणजे क्लास लावणं, स्पर्धेत बक्षीस मिळवणं नव्हे. फोडणीत कढीपत्ता पडल्यावर क्षणभर थांबून वास घेणं, गोधडीला चार टाके घालणं, नातवाला पतंगाची कणी बांधून देणं, एवढंही पुरतं. फक्त ते रोज हवं.

मावशींचे गुडघे अजून दुखतात. झोपेची गोळी मात्र आम्ही दोघींनी मिळून, हळूहळू, कमी करत आणली. मागच्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी मी दवाखाना उघडायला गेले, तर दारात पायरीभर रांगोळी. ठिपके मोजले, अकरा ते सहाच होते. पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी सगळे पेशंट मी मागच्या दारानं आत घेतले.