व्यवसाय : शेतकरी

9 नोव्हेंबर 1860 रोजी पहाटे नेपल्सच्या बंदरातून 'वॉशिंग्टन' नावाची एक आगबोट निघाली. तिच्यावर त्रेपन्न वर्षांचा एक सेनापती होता, ज्याने मे महिन्यात सुमारे एक हजार स्वयंसेवक घेऊन सिसिलीच्या किनाऱ्यावर पाय ठेवला होता आणि सहा महिन्यांच्या आत दक्षिण इटलीचे सगळे राज्य जिंकून उत्तरेकडच्या पिएमोंते-सार्डिनियाचा राजा व्हिक्टर इमॅन्युएल याच्या हवाली केले होते. राजाने त्याला सरदारकी, वाडा, आगबोट आणि मुलीच्या लग्नासाठी हुंडासुद्धा देऊ केला होता. त्याने यातले काहीही घेतले नाही. त्याच्या सामानात थोडी कॉफी, थोडी साखर, सुकवलेले मासे आणि बियाण्याचे एक पोते होते.

त्याचे नाव जुझेप्पे गॅरिबाल्डी. महाराष्ट्रात हे नाव मॅझिनीच्या जोडीने शंभर वर्षांहून अधिक काळ घेतले जात आहे आणि ते घेताना आपल्या डोळ्यांसमोर लाल सदरा व तलवारच उभी राहते. आज आपण त्या बियाण्याच्या पोत्याच्या मागे जाणार आहोत.

ते पोते उतरले ते कॅप्रेरावर. हे इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या उत्तर टोकाशी असलेले सुमारे सोळा चौरस किलोमीटरचे बेट. सगळीकडे ग्रॅनाइटचा कातळ, मध्येमध्ये खुरटी झुडपे, आणि वर्षातले कित्येक दिवस वायव्येकडून येऊन झाडांना एका बाजूला वाकवून टाकणारा वारा. 1855 मध्ये गॅरिबाल्डीचा भाऊ फेलिचे वारला. त्याच्याकडून आलेल्या वारशात जहाजावरच्या नोकरीतली स्वतःची शिल्लक घालून गॅरिबाल्डीने या बेटाचा निम्मा भाग विकत घेतला. आरंभी तो तंबूत राहिला, मग लाकडी घरात, आणि दरम्यान थोरला मुलगा मेनोत्ती व काही जुने सोबती यांना हाताशी घेऊन त्याने दगडी घर बांधले. चुन्याने रंगवलेले हे एकमजली पांढरे घर इटलीतल्या घरांसारखे नाही. त्याचे धाब्याचे सपाट छप्पर दक्षिण अमेरिकेतल्या घरांच्या धर्तीचे आहे, कारण संसार म्हणजे काय हे गॅरिबाल्डी तिकडेच शिकला होता.

त्याचा जन्म 4 जुलै 1807 रोजी नीस येथे दर्यावर्दी कुटुंबात झाला. 1834 मध्ये जेनोव्हातील फसलेल्या उठावानंतर त्याला त्याच्या गैरहजेरीत देहान्ताची शिक्षा ठोठावण्यात आली आणि तो ब्राझीलला निघून गेला. तेथे रियू ग्रांदे प्रांताच्या बंडखोरांच्या बाजूने लढत असताना, 1839 मध्ये, लागूना या बंदरात त्याला अनिता भेटली. ती अठरा वर्षांची होती, घोड्यावर पक्की मांड ठोकणारी होती, आणि तिने त्याच्याबरोबर घर सोडले ते लढाईत बरोबरीने उभे राहण्यासाठीच. सप्टेंबर 1840 मध्ये त्यांना पहिला मुलगा झाला. इटलीच्या स्वातंत्र्यासाठी 1831 मध्ये फाशी गेलेल्या चिरो मेनोत्तीचे नाव त्याला ठेवले गेले. बाळ बारा दिवसांचे असताना शत्रूचा छापा आला आणि अनिता त्याला पुढ्यात घेऊन, भर पावसात, रात्री घोड्यावरून निसटली. पुढे माघारीच्या वाटेवर, डोंगराळ जंगलात, गॅरिबाल्डीने त्या तान्ह्या मुलाला गळ्यात बांधलेल्या रुमालाच्या झोळीत ठेवले आणि स्वतःच्या श्वासाने ऊब दिली, असे त्याने आठवणींत लिहून ठेवले आहे.

त्याच आठवणींत त्याच्या पहिल्या गुरांच्या व्यवहाराचीही हकीकत आहे. 1841 मध्ये तो सुमारे नऊशे जनावरांचा कळप हाकत उरुग्वेच्या राजधानीकडे, मॉन्टेव्हिडिओकडे निघाला. वाटेत नद्या आल्या, सोबतची माणसे अप्रामाणिक निघाली, आणि शेवटी शहरात पोहोचली ती जेमतेम तीनशे कातडी. तोटा झाला, पण त्या मोकळ्या कुरणांची आणि गुराख्यांच्या जीवनाची ओढ त्याच्या मनातून कधी गेली नाही. त्याच्या सैनिकांचा प्रसिद्ध लाल सदरासुद्धा मुळात कत्तलखान्यातल्या कामगारांसाठी तयार झालेल्या कपड्यांच्या साठ्यातून आला होता.

मॉन्टेव्हिडिओत त्याने आणि अनिताने 1842 मध्ये लग्न केले. रोसिता, तेरेसिता आणि रिच्चोत्ती ही मुले तेथेच जन्मली, आणि त्यांपैकी रोसिता अवघ्या दोन वर्षांची असताना गेली. 1848 मध्ये कुटुंब युरोपात परतले. पुढच्याच वर्षी रोमच्या प्रजासत्ताकाच्या बचावासाठी गॅरिबाल्डी फ्रेंच फौजेशी लढला, आणि रोम पडल्यावर उरल्यासुरल्या सैनिकांसह डोंगरांतून उत्तरेकडे निघाला. अनिता गरोदर होती आणि तापाने फणफणलेली होती, तरी ती मागे राहायला तयार झाली नाही. 4 ऑगस्ट 1849 रोजी राव्हेन्नाजवळ, मांद्रिओले येथील एका शेतघरात तिने प्राण सोडला. शत्रू मागावर असल्यामुळे पतीला तिचे दफन करायलाही थांबता आले नाही. या माणसाच्या पुढच्या आयुष्यातले मातीचे प्रेम समजून घ्यायचे असेल, तर मला वाटते, घाईघाईने वाळूत पुरलेली ही पत्नी आणि नीसमध्ये नातेवाइकांकडे ठेवलेली तीन पोरकी मुले नजरेआड करता येणार नाहीत. त्यानंतर न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर मेणबत्त्यांच्या कारखान्यात काम आणि पेरू ते चीन अशा समुद्रफेऱ्या यांत चार-पाच वर्षे गेली. 1860 मध्ये नीसही फ्रान्सला देऊन टाकण्यात आले. जन्मगाव परक्या देशात गेल्यावर त्याच्याकडे स्वतःची म्हणता येईल अशी भूमी एकच उरली, ती म्हणजे कॅप्रेरा.

या कातळावर शेती करणे म्हणजे आधी माती जमवणे. दगड वेचायचे, त्यांचे गडगे घालायचे, गडग्यांच्या आडोशाला वाऱ्यापासून वाचलेल्या तुकड्यात भाजी, द्राक्षवेल, अंजीर आणि ऑलिव्ह लावायचे, आणि पावसाचे पाणी जपून साठवायचे. गॅरिबाल्डीने गुरे पाळली, शेळ्या-मेंढ्या पाळल्या, मधमाश्या ठेवल्या, पवनचक्की उभारली. गाढवांना त्याने आपल्या शत्रूंची नावे दिली होती. पोप नववा पायस आणि फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन हे दोघेही त्यांत होते. जनावरांना मारलेले मात्र त्याला खपत नसे. एका रात्री हरवलेल्या कोकराला शोधायला सगळे घर बाहेर पडले, इतर जण थकून परतले, आणि सकाळी कोकरू सापडले ते त्याच्याच पांघरुणात, अशी गोष्ट सांगितली जाते. 1871 मध्ये तोरिनोत प्राणिरक्षणाची जी संस्था निघाली, तिच्या स्थापनेतही त्याचा पुढाकार होता. जनगणनेच्या नोंदीत व्यवसायाच्या रकान्यात त्याने लिहिले : शेतकरी. काहींना यात केवळ विनय दिसतो. मला तसे वाटत नाही. ज्याने बेटावरचे दगड स्वतःच्या हातांनी वेचले, त्याने खरी माहिती भरली होती.

युद्धाने मात्र त्याला सोडले नाही. 1862 मध्ये पोपच्या ताब्यातल्या रोमवर चालून जाताना आस्प्रोमोंते येथे इटलीच्याच सैन्याने त्याला अडवले आणि त्याच्या घोट्यात गोळी बसली. 1867 मध्ये सरकारने बेटाभोवती युद्धनौकांचा पहारा ठेवला असताना साठ वर्षांचा हा शेतकरी एका लहानशा होडीत आडवा पडून रात्री निसटला आणि पुन्हा रोमच्या वाटेला लागला. मेंताना येथे पराभव पत्करून तो परत आला. दरम्यान इंग्लंडमधील चाहत्यांनी बेटाचा उरलेला निम्मा भाग विकत घेऊन त्याला भेट दिला होता. तरीही शेतीने त्याला संपन्न केले नाही. संसदेने देऊ केलेले वर्षासन त्याने आधी नाकारले. थोरल्या मुलांच्या कर्जांपायी 1876 मध्ये ते स्वीकारावे लागले.

कुटुंबाची घडी त्याला नीट बसवता आली नाही. जानेवारी 1860 मध्ये जुझेप्पीना रायमोंदीशी केलेले लग्न त्याने त्याच दिवशी मोडले, पण कायद्याने ते रद्द व्हायला वीस वर्षे लागली. तेरेसिताच्या मुलांना सांभाळण्यासाठी आलेली पिएमोंतेची फ्रांचेस्का आर्मोसिनो दरम्यान त्याची जीवनसोबतीण झाली होती. तिच्यापासून झालेल्या क्लेलिया आणि मानलिओ या मुलांना कायदेशीर नाव मिळाले ते 1880 मधल्या लग्नानंतरच. मधली रोसा दीड वर्षाची असताना गेली. बात्तिस्तीना राव्हेल्लोपासून झालेली मुलगी, जिला त्याने पहिल्या पत्नीचे अनिता हेच नाव दिले होते, सोळाव्या वर्षी वारली. संधिवाताने जखडलेल्या त्या म्हाताऱ्याने शेवटच्या दिवशी खिडकीत उतरलेल्या दोन पाखरांकडे पाहून, या माझ्या गेलेल्या मुली असतील, त्यांना दाणा घाला, असे सांगितल्याची आठवण जपलेली आहे. 2 जून 1882 रोजी संध्याकाळी तो गेला. खोलीतले घड्याळ त्या वेळेवर थांबवलेले आजही दिसते.

थोरला मेनोत्ती बापाबरोबर जवळजवळ प्रत्येक मोहिमेत लढला, आणि पुढे त्यानेही तलवार ठेवून रोमच्या दक्षिणेला कारानो येथे दलदलीची जमीन घेतली. पाण्याचे चर खणून ती लागवडीखाली आणण्यात त्याने पुढची वर्षे घालवली. 1903 मध्ये त्या दलदलीच्याच हिवतापाने त्याचा बळी घेतला, आणि त्याचे दफन कारानोच्याच मातीत झाले.

क्लेलियाचा जन्म 1867 चा. ती झाली तेव्हा बापाने घराच्या अंगणात एक पाइनचे रोप लावले होते. ती 1959 पर्यंत जगली, आणि ते झाड अजून त्या अंगणात उभे आहे.