बहिष्कार पाळणारे व्यापारी समेटाची वाट का बघत होते?

समजा, डिसेंबर १७७४ आहे. अमेरिकेतल्या वसाहती अजून ब्रिटनच्या ताब्यात आहेत, आणि ब्रिटिश सरकारवर दबाव आणायला त्यांनी ब्रिटिश मालावर बहिष्कार टाकलाय. तुम्ही न्यूयॉर्कचे कापडव्यापारी. उन्हाळ्यात लंडनच्या पेढीकडून उधारीवर मागवलेला माल आत्ता धक्क्याला लागलाय, आणि १ तारखेपासून ब्रिटिश माल उतरवायला बंदी आहे. करणार काय?

उत्तर काँग्रेसने, म्हणजे या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, २० ऑक्टोबरला केलेल्या बहिष्कार कराराच्या दहाव्या कलमात आहे. माल परत पाठवा. नाहीतर स्थानिक समितीच्या गोदामात ठेवा, जोखीम तुमची. तेही नको, तर समितीच्या देखरेखीखाली विका. मुद्दल आणि खर्च तुम्हाला मिळेल, नफा बोस्टनच्या गरिबांना, कारण तिथलं बंदर ब्रिटिश सरकारने जूनपासून बंद केलंय. ही सवलत १ फेब्रुवारीपर्यंतच. त्यानंतर आलेला गठ्ठा फोडायचाही नाही, आला तसा परत. आणि ऐकलं नाही, तर तुमचं नाव वर्तमानपत्रात छापून येणार, कोणी तुमच्याशी व्यवहार करणार नाही.

आता गंमत बघा. आयात लगेच बंद, पण निर्यात बंद व्हायची होती थेट १० सप्टेंबर १७७५ ला! लंडनची उधारी तंबाखू विकूनच फिटायची, म्हणून व्हर्जिनियावाले अडून बसले. दक्षिण कॅरोलिनाने तर युरोपला जाणारा तांदूळ बंदीतून वगळूनच घेतला. कायमचं तोडायला निघालेला माणूस अशी तजवीज करत नाही. ही तात्पुरती कुलूपबंदी होती.

आणि तसा भरवसा वाटायला कारणही होतं. वसाहतींतल्या कागदपत्रांवर कर लावणारा स्टॅम्प कायदा १७६६ मध्ये अशाच बहिष्कारानंतर रद्द झाला होता. माल तुंबला की लंडनचे व्यापारीच पार्लमेंटकडे धाव घेत. १७७० मध्ये चहा सोडून बाकीचे टाउनशेंड कर, म्हणजे वसाहतींत येणाऱ्या मालावरचे कर, हेही गेले.

तिसऱ्यांदा मात्र डाव फसला. लंडनच्या व्यापाऱ्यांनी जानेवारी १७७५ मध्ये अर्ज केला खरा, पण सरकारपक्षाने तो मुख्य चर्चेपासून तोडून वेगळ्या समितीकडे ढकलला. वसाहतींशी समेट हवा म्हणणारा खासदार एडमंड बर्क त्या समितीला विस्मृतीची समिती म्हणाला. बहिष्कार पोकळ होता असंही नाही. न्यूयॉर्कची ब्रिटनहून होणारी आयात १७७४ मध्ये ४ लाख ३७ हजार पौंडांची होती, ती १७७५ मध्ये जेमतेम १,२०० वर आली. पण सरकारला आता प्रश्न व्यापाराचा वाटतच नव्हता, सत्तेचा वाटत होता.

एप्रिलमध्ये लेक्झिंग्टन गावात ब्रिटिश सैनिक आणि वसाहतवाले यांच्यात गोळीबार झाला. जुलैत काँग्रेसने राजाला समेटाची विनंती धाडली, त्याने ती स्वीकारलीही नाही. डिसेंबरात पार्लमेंटचा नवा कायदा आला: अमेरिकी जहाज दिसलं, की शत्रूचं समजून मालासकट जप्त.