जाड माणसं जाहिरातीत दिसतात, पण त्यांच्या मापाचे कपडे हँगरवर आहेत का?

(काळा पडदा. फक्त पावलांचा आवाज. धप. धप. धप.)

हा आवाज नीट ऐका. २०१२ साली लंडन ऑलिम्पिक चालू असताना नाइकीने एक मिनिटाची जाहिरात आणली होती आणि तिच्यात जवळजवळ एवढंच होतं. रिकामा रस्ता, लांबून एक ठिपका हलत हलत कॅमेऱ्याकडे येतोय, मग हळूहळू कळतं की तो एक मुलगा आहे, १२ वर्षांचा, साधारण ९० किलोचा, आणि तो धावतोय. मागून टॉम हार्डी हा ब्रिटिश नट सांगतोय की महानता ही काही मोजक्या लोकांना मिळालेली देणगी वगैरे नसते, ती आपल्या सगळ्यांच्या आवाक्यात असते. मुलगा थांबत नाही, कॅमेराही त्याच्यावरून हलत नाही.

गंमत म्हणजे हा रस्ता त्या लंडनमधला नाहीच, अमेरिकेत ओहायो राज्यात लंडन नावाचं छोटंसं गाव आहे, तिथला आहे. ऑलिम्पिकची अधिकृत स्पॉन्सर होती आदिदास, त्यामुळे नाइकीला ऑलिम्पिकचं नाव घेता येत नव्हतं, मग यांनी जगभरातली लंडन नावाची गावं शोधून काढली आणि तिथे जाऊन शूट केलं. डोकं बघा! म्हणजे प्रेरणा वगैरे ठीक आहे, पण त्या पोराच्या पावलांवर आदिदासवर कुरघोडी करायचं कामही होतंच की.

जाहिरात बघून कितीतरी लोकांच्या डोळ्यात पाणी आलं, तर कितीतरी लोक म्हणाले की एका जाड्या पोराला घाम गाळायला लावून बूट विकताय, लाज वाटू द्या. शूटिंगच्या वेळी त्याला उलटी झाली होती असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. पुढे त्याचं वजन किती उतरलं याच्याही बातम्या झाल्या. हे मला जास्त खटकतं, कारण जाहिरात म्हणत होती की तू आहेस तसा धाव आणि जग विचारत होतं, बरं, किती किलो कमी झालं?

माझं म्हणणं सांगू? ती जाहिरात जाड मुलांसाठी नव्हतीच. ती सोफ्यावर बसलेल्या सडपातळ माणसासाठी होती. हा एवढा जाड असून धावतो, मग तुला काय झालंय, असा सगळा मामला. जाड माणूस तिथे तुमची लाज काढायला उभा केलाय. तो गिऱ्हाईक नाहीये, तो उदाहरण आहे. आणि उदाहरण व्हायला कुणालाच आवडत नाही, वर्गात मास्तरांनी उभं केलं तरी नाही.

आता एक खरा जाड धावणारा जवळून बघू.

(क्लोजअप : टायट्सचा कमरेचा पट्टा)

दहा मिनिटं झाली की कमरेचा पट्टा गुंडाळत गुंडाळत खाली यायला लागतो. टीशर्ट वर सरकतो, एका हाताने तो खाली ओढत धावायचं. मांडीला मांडी घासते, घामाचं मीठ त्यात जातं, घरी येऊन अंघोळीचं पाणी पडलं की अशी आग होते की विचारू नका. बायकांचं अजून वेगळं, स्पोर्ट्स ब्राची खालची पट्टी काचून लाल वळ उठतात. याच्यावर उपाय प्रेरणा नाहीये हो, याच्यावर उपाय शिलाई आहे. एका मापाचा नमुना घेऊन तो सगळीकडून सारखाच मोठा केला की मोठं माप तयार होत नाही. पोट वाढलं म्हणून हात लांब होत नाहीत ना! मोठ्या अंगासाठी वेगळा नमुना कापावा लागतो, मोठ्या अंगावर घालून बघावा लागतो, त्याला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि म्हणूनच फोटो आधी येतो आणि कपडा नंतर, कधी कधी येतच नाही.

नाइकीचंच बघा. ती जाहिरात २०१२ ची आणि बायकांसाठी प्लस साइझचं, म्हणजे मोठ्या मापांचं, पहिलं कलेक्शन आलं २०१७ मध्ये. पाच वर्षं!

आणि लुलुलेमन, योगाचे कपडे विकणारी कंपनी. २०१३ मध्ये त्यांच्या योगा पँट आरपार दिसतात म्हणून परत मागवाव्या लागल्या होत्या. त्याच वर्षी कापडाबद्दल पुन्हा तक्रारी आल्या तर संस्थापक चिप विल्सन टीव्हीवर म्हणाला की काही बायकांच्या शरीराला ही पँट चालतच नाही. मांड्या घासतात म्हणे. म्हणजे चूक मांड्यांची! वर्ष संपायच्या आत त्याने चेअरमनपद सोडायचं जाहीर केलं.

पण दुसरी बाजू आहे आणि ती मला पूर्णपणे टाकून देता येत नाही. २०१९ मध्ये लंडनला (हे खरं लंडन) ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या नाइकीच्या दुकानात एक जाड पुतळा उभा केला, टायट्स आणि स्पोर्ट्स टॉप घातलेला. टेलिग्राफ या तिथल्या वर्तमानपत्रात एका लेखिकेने लिहिलं की ही काही धावायला निघालेली नाही, ही डायबेटिस आणि खुब्याच्या ऑपरेशनच्या वाटेवर आहे. अरे, पुतळा आहे तो! मग बऱ्याच बायकांनी तशाच अंगाने पळलेल्या मॅरेथॉनचे फोटो टाकून उत्तर दिलं. जाड आहात तर व्यायाम करा, आणि व्यायामाचे कपडे घातले तर ई, हे कसले कपडे. नक्की करायचं काय माणसाने? तो पुतळा मला आवडला, कारण त्याच्या अंगावरचं माप दुकानात विकायला होतं आणि त्याच्या मागे कुणी भाषण देत नव्हतं.

इंग्लंडमध्ये स्पोर्ट इंग्लंड या सरकारी क्रीडा संस्थेने २०१५ मध्ये 'धिस गर्ल कॅन' ही मोहीम केली होती, तिथल्या राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून, त्यांना बूट विकायचे नव्हते. लोक आपल्याकडे बघतील, हसतील या भीतीने बायका खेळायला येत नाहीत, तिथूनच सुरुवात केली होती. हलणारं पोट, लाल झालेले चेहरे, सगळं दाखवलं, पण त्या बायका मजेत होत्या, कुणाची कीव येत नव्हती. वर्षभराने स्पोर्ट इंग्लंडने सांगितलं की मोहिमेमुळे २८ लाख बायकांची हालचाल वाढली. आकडा त्यांचाच आहे, तेव्हा जरा जपूनच घ्या.

मिर्ना व्हॅलेरिओ माहितीये? अमेरिकेतली, अंगाने भरभक्कम, ५० किलोमीटरच्या शर्यती पळते. तिच्यावर २०१७ मध्ये आरईआय या कंपनीने छोटी फिल्म केली. तीही जाहिरातच म्हणा ना, कंपनी खेळाचं सामान विकते. पण त्यात ती स्वतःच्या तोंडाने बोलते, बाहेरून कुणी भारदस्त आवाजात तिचा अर्थ सांगत बसत नाही. शिवाय ती तेव्हा चाळिशीतली बाई होती, ब्लॉग लिहिणारी, नको म्हणू शकणारी. १२ वर्षांचा पोरगा नाही.

(मोकळं मैदान. पाच-सहा जण धावतायत.)

मला एक जाहिरात बघायचीये. असा घोळका, त्यात एक जाड बाई, मध्येच कुठेतरी, ना पुढे ना मागे. स्लो मोशन नाही, व्हायोलिन तर अजिबात नको. ती शेजारणीशी काहीतरी फालतू बोलत धावतेय, आणि खाली एकच ओळ : हा पट्टा गुंडाळत नाही, सगळ्या मापांत मिळेल. बस.