फासा टाकायच्या आधी

आपण इथे भूमिका-खेळांबद्दल बोलतोय, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि मिळून गोष्ट रचायची असे खेळ. मघाशी चहाच्या वेळी एकाने मला गाठून विचारलं, “गोष्टच सांगायचीय तर फासे कशाला? आणि फासेच टाकायचेत तर सापशिडी काय वाईट?” प्रश्न खोचक आहे. आजचा पाऊण तास त्याच्याच नावावर.

माझ्याच टेबलावरची फजिती सांगतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा असाच एक खेळ चालू होता, मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि निवाडा देणारा. एका मुलीचं पात्र, एक चोरटी, किल्ल्याच्या कोठारात शिरली होती. ती म्हणाली, “मी चोरदरवाजा शोधते.” मी म्हटलं, “टाक.” वीस बाजूंचा फासा डब्याच्या झाकणात गरगरला; आकडा जितका मोठा तितकं बरं. चार. काही सापडलं नाही. शेजारचा म्हणाला, “मग मी शोधतो.” खडखड. नऊ. मग तिसरा. दहा मिनिटं आम्ही झाकण वाजवत बसलो आणि तेवढ्या वेळात त्या कोठारात कुणी साधा भिंतीला हातही लावला नाही. आकड्यातून आकडा निघत होता आणि गोष्ट दाराबाहेर ताटकळत होती.

पुढच्या खेपेला मी एकच प्रश्न विचारायला लागलो: “शोधतेस म्हणजे नक्की काय करतेस?” ती म्हणाली, “धान्याची पोती सरकवते आणि खाली जमिनीवर घासल्याच्या खुणा आहेत का बघते.” खुणा होत्याच, मग त्या दिसणार. त्यासाठी फासा कशाला हवा? पण भरलेली पोती ओढायची म्हणजे आवाज होणार, आणि बाहेर पहारेकरी. फासा टाकायचा तो इथे.

फाशाने ठरवायचं की माणसाने, हा वाद आपल्या पिढीचा नाही. प्रशियाच्या सैन्यात 1824 साली राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ मांडला. त्यात फासे होते, तक्ते होते आणि निवाड्याला पंच होता. 1876 मध्ये व्हेर्डी दु व्हेर्न्वा हा दुसरा प्रशियन अधिकारी म्हणाला, तक्ते गुंडाळा, अनुभवी पंच सांगेल तेच खरं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली आला तो याच युद्धखेळांच्या घराण्यातून, आणि भांडणही वारशात घेऊन आला.

मला विचाराल तर त्यातली कोंडी 2010 च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या भूमिका-खेळाने फार छान फोडली. तिथे ‘फासा टाकतो’ असं म्हणायची सोय नाही. पात्राने गोष्टीत ती कृती केली तरच नियम जागा होतो. आणि केली असेल तर फासा चुकवता येत नाही. साधे सहा बाजूंचे दोन फासे. बेरीज दहा किंवा वर आली तर काम फत्ते. सात ते नऊ आली तर काम होतं, पण बहुतेकदा काहीतरी मोजावं लागतं. सहा किंवा खाली आली की सूत्रं गोष्ट चालवणाऱ्याकडे. पात्राच्या कौशल्याचा आकडा बेरजेत धरला नाही तर 36 पैकी 15 वेळा सहा किंवा कमी, 15 वेळा सात ते नऊ, आणि निर्भेळ यश फक्त 6 वेळा. म्हणजे गोष्ट सारखी अडचणीत ढकलली जाते. फाशाचं खरं काम हेच आहे असं मी मानतो. आपण पाचजण मित्र मिळून गोष्ट रचायला बसलो तर एकमेकांना सांभाळून घेणार, लाडक्या पात्राला खरचटूही देणार नाही. जे कुणालाच नकोय ते टेबलावर आणायला तिऱ्हाईत लागतो. फाशाला कुणाची भीड नसते.

पण तिऱ्हाईताला अर्थ कळत नाही, हेही तितकंच खरं. सभापर्व आठवा. दान शकुनीच्या बाजूने पडलं यावर कुणाचंच दुमत नव्हतं. द्रौपदीने तिला बोलवायला आलेल्या प्रातिकामीला, दुर्योधनाच्या सेवकाला, परत पाठवलं ते एवढंच विचारायला, की राजा आधी स्वतःला हरला की मला? स्वतःला हरलेला माणूस दुसऱ्याला पणाला लावू शकतो का? हा चक्क नियमाचा प्रश्न होता, आणि भीष्मांसारखा भीष्मही त्यावर निवाडा देऊ शकला नाही. आकडा समोर पडलेला, आणि त्याने नक्की काय घडलं हे मात्र भरसभेत कुणाला सांगता येईना. जुगार कधीच संपला होता आणि नाट्य तिथून पुढे सुरू झालं.

कोठाराचं राहिलं. पोती ओढली, फासा पडला, सहा. पहारेकरी कंदील घेऊन आत आला. तो येणार हे नियमाने ठरवलं. तो कोण, हे मलाही ठाऊक नव्हतं. तिनेच विचारलं, “हा तोच का, मागच्या गावात ज्याने मला भाकरी दिली होती?” मी हो म्हणून टाकलं. मग सुरी काढायची की नाही यावर अर्धा तास गेला, आणि त्यात फाशाला कुणी हात लावला नाही.