मांजर, घमेलं आणि १२० अंश

व्हिडिओत दिसतेय ती ही पोरगी सातवीतली. माऊस हातात पण डोळे फळ्याकडे, कारण फळ्यावर सरांनी मोठ्ठा समभुज त्रिकोण काढून तिन्ही कोपऱ्यांत ६० लिहिलंय. मग तिनं स्क्रॅचमध्ये, म्हणजे ठोकळे जोडून स्क्रीनवरच्या मांजराला हुकूम द्यायच्या प्रोग्रॅममध्ये, काय केलं, ‘३ वेळा’चा ठोकळा घेतला, आत टाकलं शंभर पावलं पुढे, ६० अंश वळ, आणि दाबला हिरवा झेंडा.

(इथे दोन सेकंद नुसती स्क्रीन.)

त्रिकोण झालाच नाही. मांजरानं काढलं ते तोंड उघडं असलेलं, कलंडलेलं काहीतरी. शेजारचा म्हणतो, घमेलं! आणि खरंच घमेलंच आहे ते.

सरांनी उत्तर सांगितलं नाही, सगळ्यांना पटांगणात काढलं. हा शॉट आम्ही कापलेला नाही. फक्कीनं आखलेल्या त्रिकोणावर ती चालत आली, कोपऱ्यावर थांबली, आता वळायचंय... बघा किती वळतेय, काटकोनाच्याही पुढे, जवळजवळ पाठमोरीच झाली. पुस्तकातला ६० आतला, पाय वळतात तो बाहेरचा, १८० वजा ६०, म्हणजे १२०. बाह्यकोनाची व्याख्या तिला पाठ होती हो, पण पायाला आत्ता कळली. तीन कोपरे संपले तेव्हा तोंड परत पिंपळाकडे, अख्खी एक गिरकी, ३६०. मग चौकोनाला भागिले ४ हे कुणी सांगावं लागलं नाही, आणि घमेलं म्हणजे अर्धा षटकोन हे घमेलंवाल्यानंच शोधलं, ३ चे ६ करून.

आयडिया तशी जुनीच. १९६७ मध्ये अमेरिकेत वॉली फर्झिग, सिमोर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही कॉम्प्युटरला हुकूम द्यायची भाषा केली, पुढे तिच्यात कासव आलं, आधी तर खरोखर जमिनीवर फिरणारं, पेननं रेघ ओढत जाणारं यंत्र. पेपर्ट त्याआधी जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेंबरोबर होते, मुलं कशी शिकतात ते बघत. कासवाच्या जागी आपण उभं राहायचं, ही गंमत त्यांची. २००७ ला आलेलं स्क्रॅच हेही पेपर्टच्याच एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठातलं, फक्त कासवाऐवजी मांजर आणि टायपिंगऐवजी ठोकळे.

मार्क वाढले का? एवढ्यात काय सांगणार, पेपरात अजून कोनमापकच लागतो. २०२० च्या शैक्षणिक धोरणात संगणकीय विचारावर, म्हणजे काम छोट्या पायऱ्यांत मांडून सोडवण्यावर, भर आहे, इथे कॉम्प्युटर चार.

घंटा झालीये, ही उठत नाहीये. गोल काढायचाय, ३६० वेळा, १ अंश. अरे, शंभर पावलं तशीच राहिली, मांजर कडेला जाऊन अडकलं.

खोडलं. आता १ पाऊल.